तेराव्यानंतरचा वाटेकरी

24 एप्रिल 2024 च्या संध्याकाळी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातला प्रचार थंडावला. मतदान 26 तारखेला होते. नेमक्या 24 तारखेलाच शिकागोत राहणारे काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले, आणि उन्हाने आधीच तापलेल्या निवडणुकीत नवी ठिणगी पडली. माणूस मेला की 45 टक्के मुलांना, उरलेले 55 टक्के सरकारला, असा त्यांच्या बोलण्यातला आकडा होता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातला सर्वांत वरचा दर खरे तर 40 टक्के आहे, आणि त्या वर्षी तो 1 कोटी 36 लाख 10 हजार डॉलरच्या वरच्या संपत्तीलाच लागू होता. त्याशिवाय इलिनॉयसारखी काही राज्ये आपला वेगळा कर घेतात. पण निवडणुकीच्या गदारोळात तळटीप कोण वाचतो?

हा कर भारतात साडेएकतीस वर्षे होता, ही गोष्ट त्या दिवसांत पुष्कळांनी सांगितली. यवतमाळच्या काळ्या कसदार जमिनीवर तो कसा पोचला, ते मात्र कोणी सांगितले नाही. ती वाट सरळ नाही. ती दिल्लीहून निघते, नागपूरच्या विधानसभेत थांबते, आणि वऱ्हाडातल्या एकत्र कुटुंबाच्या ओसरीवर येऊन बरीचशी विरून जाते.

मेलेल्याच्या मालमत्तेवर सरकारने हात ठेवावा, ही कल्पना वऱ्हाडाला अगदीच परकी नव्हती. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी ही वतने बापाकडून मुलाकडे जात, पण नाव लावून घेताना सरकारात नजर भरावी लागे. दत्तकाला तर सरकारची मंजुरी हवी आणि तिचीही नजर वेगळी. वऱ्हाडावर एके काळी निजाम आणि नागपूरकर भोसले असा दुहेरी अंमल होता, त्यामुळे वतनदाराला दोन दारे सांभाळावी लागत. 1853 च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला. 1902 मध्ये निजामाने वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने देऊन टाकले. पुढच्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले, आणि 1905 मध्ये वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले.

इंग्रजांनी वऱ्हाडात मुंबईकडची रयतवारी आणली. वैनगंगेकडे मालगुजार होते, तसे इथे नव्हते. इथे शेतकऱ्याचे नाव थेट सरकारी कागदावर. बाप मेला की पटवाऱ्याकडे वर्दी द्यायची, फेरफार व्हायचा, मुलांची नावे चढायची. मृत्युपत्र असले तरी त्याला कोर्टाचे प्रोबेट घ्यावे अशी सक्ती मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांसाठी होती, वणी-पुसदच्या शेतकऱ्याला नव्हती. म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यवतमाळातला एखादा मोठा शेतकरी किंवा जिनिंगवाला शेकडो एकर आणि गाठींनी भरलेली गोदामे मागे ठेवून गेला, तरी केवळ मरण्यापायी त्याच्या घरच्यांना सरकारला द्यावे लागे ते जवळपास शून्य. कापसाने या जिल्ह्यात पैसा आणला होता. मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी, जिला पुढे सगळे शकुंतला म्हणू लागले, ती या कापसासाठीच धावत होती. त्या पैशाचा माग मरणाच्या वेळी काढायची सोय सरकारकडे नव्हती.

ती सोय इंग्लंडात 1894 मध्ये झाली, अमेरिकेत 1916 मध्ये. इथे गाडी अडली ती 1935 च्या कायद्यातल्या एका वाटणीवर. शेतजमिनीच्या वारशावरचा कर प्रांतांचा आणि बाकी मालमत्तेच्या वारशावरचा केंद्राचा, असे त्या कायद्याने ठरवले होते. मग प्रश्न आला की वारसाला मिळालेल्या हिश्शावरचा कर आणि मृताच्या अख्ख्या संपत्तीवरचा कर हे एकच की दोन? पहिल्यात ज्याच्या हाती जे पडले त्यावर तो भरतो. दुसऱ्यात वाटणीच्या आधीच सरकार आपला घास काढून घेते. फेडरल कोर्टाने 1944 मध्ये सल्ला दिला की हे दोन कर वेगळे, आणि दुसऱ्या प्रकारचा कर बसवायचा अधिकार कायद्यात कुठे लिहिलेला नाही. महायुद्ध चालू असताना लंडनच्या पार्लमेंटने 1945 मध्ये खास दुरुस्ती करून तो लिहिला. 1946 मध्ये विधेयक आले, रखडले. 1948 मध्ये पुन्हा आले, पुन्हा रखडले. दरम्यान नव्या राज्यघटनेने जुनी वाटणी उचलून जशीच्या तशी आपल्या सूचींत ठेवली होती: शेतजमीन राज्याची, बाकी केंद्राचे.

कायदा अखेर केला तो अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी, 1953 मध्ये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांची आयसीएसची उमेदवारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातलीच. जमाबंदीची कामे केलेला, पुढे याच प्रांताचा अर्थसचिव झालेला हा माणूस. जमीन, सातबाऱ्याची जुनी रूपे, वाटणीची भांडणे त्यांनी फायलींतून आणि प्रत्यक्षही पाहिलेली असणार. केंद्र शेतजमिनीला हात लावू शकत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा त्यांनी वाट काढली ती घटनेच्या 252 व्या कलमातून. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून आपला विषय संसदेकडे सोपवला, तर संसद त्यांच्यापुरता कायदा करू शकते. 1953 चा चौतिसावा कायदा अशा राज्यांची नावे पहिल्या परिशिष्टात घेऊन आला. त्यात मुंबई होती, निजामाचे म्हणून राहिलेले हैदराबाद होते, आणि नागपूर राजधानीचा मध्य प्रदेशही होता. यवतमाळ तेव्हा त्या मध्य प्रदेशात. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते, आणि पुसदहून 1952 ला निवडून गेलेले वसंतराव नाईक महसूल खात्याचे उपमंत्री. पैनगंगेच्या अलीकडची जमीन नागपूरच्या होकाराने आणि पलीकडची हैदराबादच्या होकाराने एकाच कायद्याखाली आली. अंमल 15 ऑक्टोबर 1953 पासून.

पुढे 1956 ला राज्ये मोडली, जोडली गेली. यवतमाळ द्विभाषिक मुंबईत आले, 1960 ला महाराष्ट्रात. मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी 1956 मध्येच राजीनामा दिला होता. पण कायद्याच्या मजकुरात 1 नोव्हेंबर 1956 च्या आधीचा नकाशा गोठून राहिला: अमुक राज्यात तेव्हा असलेल्या प्रदेशातली शेतजमीन. म्हणजे 1975 मध्ये दारव्ह्याचा एखादा बागाईतदार मेला, तर त्याच्या जमिनीवरचा कर उभा होता तो वीस-बावीस वर्षांपूर्वी नागपुरात झालेल्या ठरावावर. सरकारी कागदाला विस्मरण नसते.

आता ओसरीवरचा हिशोब पाहू. समजा, 1954 साल आहे. कुटुंबाची मालमत्ता तीन लाखांची: वावरे, वाडा, थोडा कापसाचा व्यापार. म्हाताऱ्याला दोन मुलगे, बायको आधीच गेलेली. मालमत्ता वडिलोपार्जित आणि एकत्र असेल, तर मिताक्षरेप्रमाणे त्यात तिघांचा सारखा हिस्सा. म्हातारा मेला तर त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे एक लाख, एवढाच कराच्या कचाट्यात. एकत्र कुटुंबातल्या हिश्शाला पहिले 50 हजार माफ आणि पुढच्या 50 हजारांवर 5 टक्के. कर झाला अडीच हजार रुपये. हीच तीन लाखांची इस्टेट म्हाताऱ्याने स्वतः कमावलेली असेल, तर? पहिला लाख माफ. मग 50 हजारांवर साडेसात टक्के, पुढच्या 50 हजारांवर 10, त्यापुढच्या लाखावर साडेबारा. बेरीज 21,250 रुपये. तीच माणसे, तेच वावर, तोच वाडा, आणि कर साडेआठपट.

या एका हिशोबात या कायद्याची वऱ्हाडातली गोष्ट बरीचशी आली. ज्याने स्वतः जिनिंग काढले, वकिली केली, दलालीतून पैसा केला, त्याच्या घरच्यांना झळ बसणार. आजोबा-पणजोबांपासून जमीन राखून असलेल्या देशमुखाला तुलनेने नुसता चटका. विषमता कमी करायला आलेल्या कराने जुन्या श्रीमंतीला सवलत दिली, हे मला त्यातले सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. दिल्लीच्याही हे लक्षात आले होते. 1958 च्या दुरुस्तीने माफीची मर्यादा सगळ्यांनाच 50 हजार केली, आणि पुढे एकत्र कुटुंबात दर ठरवताना मुलांचे हिस्सेही जमेस धरायचे ठरले.

तेरावे उरकले की वारसांच्या पुढ्यात दुसरे काम येई. मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत मालमत्तेचा तपशील सादर करायचा. तो करणाऱ्याला कायद्याने ‘जबाबदार व्यक्ती’ ठरवले होते, आणि घरात ही जबाबदारी बहुधा थोरल्यावर येणार. काय मोजायचे, काय नाही, याची यादी वाचली की कायदा करणाऱ्यांनी भारतीय घर किती जवळून पाहिले होते ते कळते. घरातली भांडीकुंडी, अंगावरचे कपडे, कारागिराची अवजारे यांना सूट होती. मृतावर अवलंबून असलेल्या मुलीबाळींच्या लग्नासाठी विमा किंवा विश्वस्त निधी करून वेगळी काढलेली रक्कम दर लग्नामागे पाच हजारांपर्यंत माफ. एकाच घरात लागोपाठ दुसरा मृत्यू झाला तर त्याच मालमत्तेवर पुन्हा पूर्ण कर नको, म्हणून तीन महिन्यांच्या आत काहीच नाही, वर्षाच्या आत निम्मा, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत उतरती सूट.

पळवाटांचाही विचार होता. मरणाच्या आधी दोन वर्षांत केलेले बक्षीस मोजले जाई. त्याहून मार्मिक होते दहावे कलम. बापाने वावर मुलाच्या नावाने बक्षीसपत्राने करून दिले आणि पेरणी, राखण, कापूस विकणे सगळे स्वतःच चालू ठेवले, तर ते बक्षीस कागदापुरते. वावर बापाचेच धरायचे. खेड्यात हे घरोघर चालते. नावावर पोराच्या, पण कोणत्या धुऱ्यावर कोणते झाड हे बाप ठरवतो.

मरणाआधीच वाटून टाकणाऱ्यांसाठी दुसरा कायदा आला, बक्षीस कराचा. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर 1956 मध्ये भारतात आले आणि करव्यवस्था कशी बांधावी याचा अहवाल देऊन गेले. मृत्यूवरचा कर काढून टाका, आणि ज्याच्या हाती फुकट मालमत्ता पडते, मग ती वारशाने येवो वा बक्षिसाने, त्याच्याकडून कर घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने अर्धेच ऐकले. मृत्युकर ठेवला आणि वर बक्षीस कर बसवला, तोही देणाऱ्यावर. मुंध्रा गैरव्यवहाराच्या प्रकरणात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाल्यामुळे 28 फेब्रुवारी 1958 चा अर्थसंकल्प खुद्द पंडित नेहरूंनी मांडला होता, आणि हा कर त्यातलाच. वर्षाला दहा हजारांपर्यंत बक्षीस माफ, पुढे 4 टक्क्यांपासून चढत 40 टक्क्यांपर्यंत.

या कायद्यातले एक सवलतीचे कलम विदर्भाने जपून ठेवावे असे आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भूदान आणि संपत्तिदान चळवळींना दिलेली बक्षिसे करमुक्त होती. विनोबा शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारला राहत. त्यांचे भूदान एप्रिल 1951 मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला सुरू झाले, आणि 1953 मध्ये, म्हणजे मृत्युकर आला त्याच साली, नागपूर सरकारने मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा केला. विदर्भातल्या भूदानाच्या जमिनींना पुढेही तोच लागू राहिला. एकाच वर्षी एक कायदा मेल्यावर मागत होता आणि दुसरा जिवंतपणी दिलेले लिहून घेत होता.

शेतजमिनीच्या बक्षिसावर केंद्राला कर घेता येतो का, हा वाद मात्र पुन्हा उकरला गेला. म्हैसूर उच्च न्यायालयाने जमिनीवरचा कर हा राज्याचा विषय म्हणून केंद्राला अडवले. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. हा कर जमिनीवर नाही, ती देऊन टाकण्याच्या कृतीवर आहे, आणि कोणत्याच सूचीत न बसणारे विषय संसदेचे, असा त्याचा आधार होता. पाठोपाठ 1971 मध्ये त्याच न्यायालयाने एकत्र कुटुंबाच्या वाटणीबद्दलही निर्णय दिला. वाटणीत एखाद्याने आपल्या हक्कापेक्षा कमी घेतले, तरी ते बक्षीस ठरत नाही. वऱ्हाडातल्या घरांना हे सांगायला न्यायालय लागले नसते. वाटणी हे इथले सर्वांत जुने करनियोजन.

आणि वाटणीची खरी घाई मृत्युकरामुळे झालीच नाही. ती झाली कमाल जमीन धारणेच्या, म्हणजे सीलिंगच्या, कायद्यामुळे. वसंतराव नाईक तेव्हा महाराष्ट्राचे महसूलमंत्री होते. 1961 चा कायदा 26 जानेवारी 1962 पासून लागू झाला, पण त्याचे विधेयक 1959 मध्येच लोकांसमोर आले होते. म्हणून 4 ऑगस्ट 1959 नंतर केलेली हस्तांतरे संशयाने पाहायची, असे कायद्यातच लिहावे लागले. 1975 च्या दुरुस्तीने कोरडवाहूची मर्यादा 54 एकरांवर आली, आणि त्या वेळी 26 सप्टेंबर 1970 पासूनचे व्यवहार तपासायचे ठरले. गेल्या पिढीतल्या शेतकऱ्यांना या तारखा पाठ असत. सीलिंग जमीनच नेते. मृत्युकर पैसा मागतो, तोही मेल्यावर. माणूस कोणाला आधी घाबरेल हे सांगायला नको. सीलिंगसाठी केलेल्या वाटण्यांनी मृत्युकराचीही हवा काढून घेतली. 54 एकरांची कोरडवाहू, तीही तीन मुलांत वाटलेली. तिथे 50 हजारांची मर्यादा ओलांडणार कोण?

दिल्लीत दर मात्र चढत होते. 1964 मध्ये, कृष्णम्माचारी पुन्हा अर्थमंत्री असताना, 20 लाखांपुढच्या संपत्तीवर दर 85 टक्क्यांवर गेला. इतका दर कागदावर भीती घालतो आणि वसुलीत हरतो, कारण त्याच्यापुढे वकिलाची फी नेहमीच स्वस्त पडते.

जे गोळा होई ते तरी कोणाचे? घटनेच्या 269 व्या कलमाने हा कर केंद्राने बसवायचा, केंद्रानेच वसूल करायचा आणि राज्यांना देऊन टाकायचा होता. के. संथानम यांच्या दुसऱ्या वित्त आयोगाने सूत्र दिले: केंद्रशासित प्रदेशांचा एक टक्का बाजूला काढा, स्थावर मालमत्तेवरचा कर ती जिथे असेल त्या राज्याला, उरलेला लोकसंख्येच्या प्रमाणात. यवतमाळच्या वाड्यावरचा कर अखेर मुंबईच्या तिजोरीत यायचा, तो असा दिल्लीला वळसा घालून.

16 मार्च 1985 ला विश्वनाथ प्रताप सिंह यांनी अर्थसंकल्पात हा कर संपवला. कारण रोकडे होते. सगळ्या देशातून मिळून वर्षाला सुमारे 20 कोटी, आणि ते गोळा करायचा खर्च त्या मानाने फार. विषमता घटवणे आणि राज्यांच्या विकासाला हातभार लावणे, यातले काहीच साधले नाही, असा कबुलीचा सूर त्या भाषणात होता. 2024 च्या प्रचारात या निर्णयामागे गांधी घराण्याचा स्वतःचा वारसा वाचवण्याचा हेतू असल्याचा आरोप झाला. इंदिरा गांधींचा मृत्यू 31 ऑक्टोबर 1984 चा, आणि सूट होती ती 16 मार्च 1985 ला किंवा त्यानंतर मेलेल्यांना. तारखा एवढेच बोलतात.

बक्षीस कर आणखी तेरा वर्षे तगला. 1 ऑक्टोबर 1998 पासून यशवंत सिन्हांनी तो काढला. मग 2004 मध्ये तो मागच्या दाराने, आयकर कायद्यात, परत आला: नातेवाईक नसलेल्याकडून ठरावीक रकमेपेक्षा अधिक फुकट मिळाले, तर घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरायचे. ही मर्यादा पुढे 50 हजार झाली. लग्नातला आहेर, वारसा आणि जवळच्या नात्यातले देणे त्यातून वगळले आहे. घेणाऱ्याकडून घ्या, हे काल्डॉरचे म्हणणे होते. सरकारला ते पटायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

ज्यांची मुले किंवा गुंतवणूक अमेरिकेत आहे, अशा घरांना हा विषय पुन्हा चिकटतो आहे. इथे बसून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेणाऱ्याला तिथली मोठी माफी मिळत नाही. जो तिथला नागरिक नाही आणि तिथे कायमचा राहतही नाही, त्याला सूट फक्त 60 हजार डॉलरची, आणि भारत-अमेरिका यांच्यात मृत्युकराबाबत करार नाही.

राज्याच्या हाती आज उरले आहे ते मुद्रांक शुल्क. 2015 पासून महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मेलेल्या मुलाची बायको यांना राहते घर अथवा शेतजमीन बक्षीसपत्राने दिली, तर मुद्रांक 200 रुपयांचा. दुय्यम निबंधकाकडे या कागदाइतकाच दुसरा कागद चालतो, हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना एकत्र कुटुंबात जन्मतः हक्क दिला, देशाने 2005 मध्ये. तेव्हापासून वडिलांच्या वारशाचा फेरफार व्हायच्या आत बहिणींना गावी बोलावले जाते. साडी-चोळी होते, जेवण होते, आणि कागदावर अंगठा किंवा सही होते. या जिल्ह्यात एका हातातून दुसऱ्या हातात फुकट गेलेली जमीन मोजायला बसले, तर सर्वांत मोठी रास बहिणींनी भावांना सोडलेल्या वावरांची निघेल, असे मला वाटते. 1958 चा बक्षीस कराचा कायदा चालू असता तर ही सही बक्षीस ठरली असती की वाटणी, यावर वकिलांची चांगली सोय झाली असती.